वऱ्हाडच्या उन्हात भूत जोलोकिया

स्कोव्हिल मापावर जिचा तिखटपणा दहा लाखांच्या आसपास किंवा त्याहून पुढे जातो, ती मिरची अतितिखट समजली जाते. ओळखीच्या मिरच्यांशी ताडून पाहिले की या आकड्याचा अर्थ कळतो. ढोबळी मिरची या मापावर शून्यावर आहे. रंगासाठी घेतली जाणारी ब्याडगी साधारण पंधरा हजारांच्या आत राहते, ठेच्याची ज्वाला वीस-तीस हजारांत मोडते, गुंटूरची सन्नम ३५ ते ४० हजारांवर जाते आणि तिखट म्हणून नावाजलेली तेजा लाखाच्या उंबरठ्यावर थांबते. भूत जोलोकिया, ट्रिनिडाड मोरुगा स्कॉर्पियन, कॅरोलिना रीपर या मिरच्या तिथून दहा ते सोळा पटींनी पुढे आहेत. त्यांचे बी आता टपालाने घरपोच मिळते आणि हौशी लोक ते कुंडीत लावतात.

अमरावती जिल्ह्यातील तिवस्यासारख्या गावाला मिरची नवी नाही. याच जिल्ह्यात वरुड तालुक्यातले राजुरा बाजार हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने 'जयंती' हा मिरचीचा वाण दिला. मात्र वावरात लागणारी ही मिरची आणि अतितिखट मिरची यांची कुळे वेगळी आहेत. त्यामुळे ज्वाला लावण्याचा अनुभव अतितिखट मिरचीला जसाच्या तसा लागू पडत नाही, आणि बियांच्या पाकिटावर छापलेला तिखटपणा वऱ्हाडच्या अंगणात जसाच्या तसा उतरत नाही.

दोन कुळे

मिरचीच्या लागवडीतल्या प्रजाती पाच आहेत. सगळ्यांचे मूळ अमेरिका खंडात असून सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत मिरची भारतात आली. त्यापूर्वी इथल्या स्वयंपाकात तिखटाचे काम काळी मिरी आणि पिंपळी करत. 'मिरची' हे नावही मिरीवरूनच पडले. भारतात पिकणारी बहुतेक मिरची कॅप्सिकम अ‍ॅन्युअम या प्रजातीची आहे. ज्वाला, सन्नम, ब्याडगी आणि ढोबळी या सगळ्या तिच्याच लेकी.

अतितिखट मिरच्या कॅप्सिकम चायनेन्स या प्रजातीच्या आहेत. नावात चीन असला तरी तिचे माहेर अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात आहे. १७७६ मध्ये जॅकन या शास्त्रज्ञाने गैरसमजातून तिला चीनचे नाव दिले. भारताच्या ईशान्य भागात पिकणारी भूत जोलोकियाही मुख्यतः याच प्रजातीची असून तिच्यात कॅप्सिकम फ्रुटेसेन्सचाही अंश आढळला आहे. आसामात तिला भूत किंवा भोट जोलोकिया म्हणतात, नागालँडमध्ये राजा मिरची आणि मणिपुरात उमोरोक. 'भोट' म्हणजे भूतानकडची, असा अर्थ सांगितला जातो. इंग्रजीत मात्र ती 'भुताची मिरची' झाली. नागालँडच्या मिरचीला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

चायनेन्स ओळखायला सोपी आहे. पाने रुंद, थोडी सुरकुतलेली असतात. एका पेऱ्यातून दोन-तीन फुले खाली मान घालून निघतात. फळाची साल खडबडीत असते आणि ते पिकले की गोडसर, फळासारखा वास येतो. या वासावर विश्वास ठेवून घास घेणाऱ्याला तिखटाची जाणीव काही क्षण उशिरा होते.

तिखटपणा येतो कुठून

मिरचीतले तिखट द्रव्य कॅप्सेसिन आणि त्याचे जवळचे भाऊबंद यांचे बनलेले असते. मिरची उभी चिरली की मध्ये पांढरट पडदा दिसतो आणि बिया त्याला चिकटलेल्या असतात. कॅप्सेसिन तयार होते ते या पडद्यात. बिया तिखट लागतात त्या पडद्याला लागून असल्यामुळे. त्यांच्यात स्वतःचे तिखट जवळजवळ नसते. साध्या मिरचीचा पडदा काढून टाकला की ती बरीच सौम्य होते. अतितिखट मिरचीत सालीच्या आतल्या बाजूलाही तिखटाच्या पुटकुळ्या असतात, म्हणून तिला साफ करून सौम्य करता येत नाही.

तिखट ही चव नाही. जिभेवरच्या ज्या चेतातंतूंना साधारण ४३ अंश सेल्सिअसपुढची उष्णता कळते, त्यांच्यावरच्या टीआरपीव्ही-१ नावाच्या ग्राहीला कॅप्सेसिन जाऊन चिकटते आणि मेंदूला तोंड भाजल्याचा निरोप जातो. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये हा ग्राही शोधला. २०२१ च्या नोबेल पारितोषिकात या शोधाचा वाटा होता. तिखट खाल्ल्यावर घाम फुटतो, नाक-डोळे वाहू लागतात, कारण शरीर खरोखरच्या उष्णतेला द्यावे तसे उत्तर देते.

पक्ष्यांच्या शरीरातला हा ग्राही कॅप्सेसिनला दाद देत नाही. म्हणून पोपट हिरवी मिरची मजेत खातो. पक्ष्याच्या पोटातून बी अखंड बाहेर पडते आणि दूरवर रुजते. सस्तन प्राणी मात्र बी दाताने चिरडतात. रानमिरचीला तिखटपणाचा उपयोग असा झाला, की फळ खाणारा योग्य तोच उरला. ईशान्येतील शेतकऱ्यांनी हाच गुण हत्तींना रोखण्यासाठी वापरून पाहिला आणि कुंपणाच्या दोरांना जोलोकियाचा लेप दिला. संरक्षण संशोधन संस्थेनेही तिच्यापासून जमाव पांगवणारे हातगोळे तयार केले.

स्कोव्हिलचे माप

अमेरिकेतील डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस या औषध कंपनीत काम करणाऱ्या विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये तिखट मोजण्याची पद्धत मांडली. वाळलेल्या मिरचीचा अल्कोहोलमध्ये काढलेला अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत न्यायचा आणि पाच जणांना चाखायला द्यायचा. पाचपैकी तिघांना जिथपर्यंत तिखट जाणवते, तितक्या पटींचा आकडा म्हणजे त्या मिरचीचा तिखटपणा. तीस हजारांची मिरची म्हणजे जिचा अर्क तीस हजार पट पातळ केल्यावरही जेमतेम जाणवतो ती.

माणसाची जीभ थकते, सरावते आणि एकाची दुसऱ्याशी जुळत नाही. म्हणून आता प्रयोगशाळेत द्रव वर्णलेखन यंत्राने कॅप्सेसिनचे प्रमाण थेट मोजतात आणि दहा लाख भागांतले प्रमाण १६ ने गुणून स्कोव्हिल आकडा काढतात. शुद्ध कॅप्सेसिन १ कोटी ६० लाखांवर येते. या हिशेबाने दहा लाखांच्या मिरचीत वाळलेल्या वजनाच्या सहा टक्क्यांहून थोडे अधिक निव्वळ तिखट द्रव्य असते. माप वाळलेल्या मिरचीचे असल्याने ताज्या फळाचा आकडा याहून बराच कमी असतो, कारण ताज्या फळात बहुतांश पाणीच असते.

विक्रमांची चढाओढ

तेजपूरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने २००० मध्ये आसामच्या एका मिरचीचा तिखटपणा ८ लाख ५५ हजार असल्याचे जाहीर केले, तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नाही. न्यू मेक्सिको राज्य विद्यापीठातील पॉल बोसलँड यांनी भूत जोलोकिया आपल्या शेतात लावून मोजली आणि १०,०१,३०४ हा आकडा काढला. २००७ मध्ये तिची जगातील सर्वांत तिखट मिरची म्हणून गिनेस नोंद झाली. दहा लाखांची वेस ओलांडणारी ही पहिली मिरची.

पुढे संकर करणाऱ्यांची शर्यत लागली. २०११ च्या पहिल्या काही महिन्यांतच विक्रम हातोहात बदलले. त्यातल्या ट्रिनिडाड स्कॉर्पियन बुच टीचा आकडा १४,६३,७०० होता. २०१३ मध्ये दक्षिण कॅरोलिनातील एड करी यांच्या कॅरोलिना रीपरने १५,६९,३०० आणि २०१७ च्या फेरमोजणीत १६,४१,१८३ गाठले. या रीपरच्या घडणीत नागा कुळातल्या मिरचीचा हात आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये करी यांच्याच पेपर एक्सची नोंद झाली: सरासरी २६,९३,०००. पेपर एक्सचे बी त्यांनी विक्रीसाठी खुले केलेले नाही. त्यामुळे त्या नावाने ऑनलाइन मिळणारी बियांची पाकिटे संशयानेच पाहावीत.

विक्रमी आकड्यांमागची एक गोष्ट घरी लागवड करणाऱ्याच्या कामाची आहे. २०१२ मध्ये न्यू मेक्सिकोत ट्रिनिडाड मोरुगा स्कॉर्पियनची सरासरी बारा लाखांच्या आसपास आली, पण त्याच वाफ्यातल्या काही झाडांची फळे वीस लाखांपुढे गेली. जात एक, शेत एक, हंगाम एक. तरी झाडागणिक एवढा फरक.

तेजपूर आणि ग्वाल्हेर

जागा बदलली की काय होते, याचा वऱ्हाडला लागू पडणारा दाखला भारतातच आहे. संरक्षण प्रयोगशाळांच्या शास्त्रज्ञांनी तीच आसामी मिरची तेजपूरला आणि ग्वाल्हेरला लावली. तेजपूरच्या फळांत तिखट द्रव्ये ५.३६ टक्के निघाली. ग्वाल्हेरच्या फळांत ती सुमारे निम्म्यावर आली. बी तेच होते. तेजपूरला ब्रह्मपुत्रेकाठची दमट हवा मिळते, ग्वाल्हेरला कोरडी आणि रखरखीत.

तिवस्याचे हवामान तेजपूरपेक्षा ग्वाल्हेरला जवळचे आहे. म्हणून दहा लाखांचे बी इथे पाच लाखांचे फळ देऊ शकते आणि त्यात फसवणूक नसते. पाच लाख म्हणजेही तेजाच्या पाचपट. उलट, थोडा पाण्याचा ताण आणि भरपूर ऊन यांनी काही वेळा तिखट वाढते. तेव्हा आपल्या अंगणातली मिरची किती तिखट आहे हे सांगण्याचा एकच मार्ग उरतो: ती आपल्याच अंगणातल्या दुसऱ्या मिरचीशी, सारख्या स्थितीत ताडून पाहायची.

वऱ्हाडातले वेळापत्रक

तिवसा अमरावतीहून नागपूरला जाणाऱ्या महामार्गावर आहे आणि तालुक्याच्या पूर्वेला वर्धा नदी वाहते. जमीन बरीचशी काळी, भारी; पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान दहा-बारा अंशांपर्यंत उतरते. चायनेन्सला दिवसा २४ ते ३२ अंश आणि हवेत ओलावा मानवतो. ३५ अंशांपुढे फुले गळतात आणि रात्री १५ अंशांखाली वाढ थांबते. म्हणजे वऱ्हाडात तिला मनासारखे दिवस मिळतात ते पावसाच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. फुले या काळात यायला हवीत, हे धरून मागे मोजत जावे लागते.

बी टाकल्यापासून फूल येईपर्यंत साडेतीन-चार महिने आणि फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत आणखी दोन महिने, असा साधारण हिशेब आहे. रोहिणी नक्षत्रात, मेच्या अखेरीस बी टाकले की सप्टेंबर-ऑक्टोबरात फुले धरतात आणि नोव्हेंबर ते जानेवारी फळे लाल होतात. मृगाचा पाऊस पाहून, जूनच्या मध्यापर्यंत टाकले तरी चालते. त्याहून उशीर केला तर फुले थंडीत सापडतात.

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये अर्धा सेंटिमीटर खोल टाकावे. मातीचे तापमान २७ ते ३२ अंश असावे. पत्र्याच्या छपराखाली ते सहज चाळिशीपुढे जाते, म्हणून ट्रे घरात किंवा झाडाच्या सावलीत ठेवतात. ज्वालाचे बी आठ-दहा दिवसांत उगवते. अतितिखट मिरची दोन ते चार आठवडे घेते, कधी त्याहूनही अधिक. पंधरा दिवसांत काही दिसले नाही म्हणून ट्रे फेकून देणे ही नवख्याची सर्वांत मोठी चूक. या काळात माती ओलसर हवी, चिखल नको. जास्त पाण्याने रोपमर होते आणि उगवलेले रोप बुडाशी कुजून कोलमडते.

रोपाला सहा-आठ पाने आली की ते मोठ्या कुंडीत हलवतात. भारी काळ्या मातीत पावसाचे पाणी साचून मुळे कुजतात. जमिनीत लावायचे तर उंच वरंबा हवा; अंगणात किंवा सांदवाडीत कुंडी बरी. रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा स्वच्छ धुऊन, बुडाला पाच-सहा भोके पाडून कामी येतो. भरायला एक भाग काळी माती, एक भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाड रेती. युरियाचा हात सैल सोडला तर झाड हिरवेगार होते, पण फुले धरत नाहीत. फुलोरा सुरू झाल्यावर राख किंवा पालाश असलेले खत थोडे थोडे द्यावे. माती वरून बोटभर सुकली की पाणी द्यावे, रोज नेमाने नव्हे. दुपारी पाने मलूल झाली आणि संध्याकाळी सावरली तर ती उन्हाची खूण असते, तहानेची नव्हे.

मिरचीचे झाड बहुवर्षायू आहे. थंडीत त्याला भिंतीच्या आडोशाला ठेवले तर फेब्रुवारी-मार्चमध्ये दुसरा बहर येऊ शकतो. एप्रिलच्या सुरुवातीला फांद्या निम्म्याने छाटून कुंडी हिरव्या नेटखाली नेली आणि मुळाशी पालापाचोळ्याचे आच्छादन दिले, तर झाड उन्हाळा काढते. दुसऱ्या वर्षी ते पहिल्या पावसातच जोर धरते आणि बियांच्या रोपांपेक्षा आधी फळते.

बोकड्या आणि इतर दुखणी

वऱ्हाडात मिरचीचा मुख्य शत्रू बोकड्या, म्हणजेच चुरडामुरडा. पाने वळतात, आखडतात, शेंडा थांबतो. कारणे एकाहून अधिक आहेत. पांढरी माशी विषाणू आणते तेव्हा पाने वर वळून झाड खुजे होते. फुलकिडे रस शोषतात तेव्हा कडा वर वळतात. कोळी लागला की पाने खाली वाकतात. विषाणू शिरलेले झाड बरे होत नाही. ते उपटून दूर नेऊन पुरावे, नाहीतर शेजारची झाडेही जातात. फुलकिडे आणि माशीसाठी लहान रोपे बारीक जाळीखाली वाढवावीत, निळे आणि पिवळे चिकट सापळे लावावेत आणि पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. घरच्या मापाने हा अर्क म्हणजे निंबोळीची ५० ग्रॅम भरड रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवून, गाळून घेतलेले पाणी. कडुनिंबाला या भागात तोटा नाही. मिरची इतकी तिखट असूनही कीड तिला सोडत नाही, कारण पानांत कॅप्सेसिन नसल्यासारखेच असते.

शेजार आणि शुद्ध बी

तिखट मिरचीच्या शेजारी ढोबळी लावली की ढोबळीही तिखट होते, असा समज सर्वत्र आहे. त्यात अर्धेच तथ्य आहे. तिखट बनवणारा पडदा आणि साल हे आईच्या झाडाचे भाग असतात. परागकण कोणाचेही असोत, या वर्षीच्या फळाची चव बदलत नाही. बदल होतो तो त्या फळातल्या बीमध्ये, आणि तो कळतो पुढच्या वर्षी. मिरचीचे फूल स्वतःच्या परागावर फळ धरते, पण मधमाश्या संकर घडवून आणतात, आणि एका गच्चीवर पाच जाती असल्या तर तो हमखास होतो. शुद्ध बी हवे असेल तर उमलण्याआधी कळ्यांच्या फांदीवर पातळ मलमलची किंवा जाळीची पिशवी बांधावी, फांदी रोज हळूच हलवावी आणि फळ धरल्यावर पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधावा. बी ठेवायचे ते याच फळांचे.

तुलना कशी करावी

दोन मिरच्यांची तुलना खरी ठरायची असेल तर मिरचीची जात सोडून बाकी सगळे सारखे ठेवावे लागते. कुंडीचा आकार, माती, ऊन, पाणी, लागवडीचा दिवस एकच हवा. प्रत्येक जातीची किमान तीन झाडे असावीत, कारण एका झाडावरून जातीची पारख होत नाही. सोबत एक ओळखीची मिरची, ज्वाला किंवा तेजा, मोजपट्टी म्हणून लावावी.

फळाचे वयही सारखे हवे. फळ धरल्यावर साधारण तीन आठवड्यांनी कॅप्सेसिन साठू लागते, चाळीस-पन्नास दिवसांच्या सुमारास शिगेला पोचते आणि पुढे हळूहळू घटते. म्हणून फूल उमलले त्या तारखेची चिठ्ठी देठाला बांधून फळे ठरावीक दिवशी तोडावीत. तीन झाडांची मिळून दहाएक फळे एकत्र करावीत. ती उभी चिरून सावलीत, जाळीवर, कडकन मोडतील इतकी वाळवावीत. हिवाळ्याची कोरडी हवा याला उत्तम आहे. वाळवल्यावर पाण्याचा फरक निघून जातो आणि वजनाला वजन भिडते.

चाखण्यासाठी स्कोव्हिलचीच कल्पना घरगुती रूपात वापरता येते. एक ग्रॅम पूड ९९ ग्रॅम कोमट खाद्यतेलात रात्रभर ठेवून फडक्यातून गाळावी. हे मूळ तेल. त्यातले एक ग्रॅम ९९ ग्रॅम साध्या तेलात मिसळले की दहा हजार पट पातळ झाले. तिथून पुढे दर वेळी समभाग साधे तेल घालत एकेक वाटी करत जावे: वीस हजार, चाळीस हजार, ऐंशी हजार. एका वाटीतून दुसरीत जाताना तीव्रता निम्मी होते. पाच जणांनी, कोणती वाटी कोणत्या मिरचीची हे ठाऊक नसताना, भाकरीच्या तुकड्यावर दोन थेंब घेऊन चाखावे. सुरुवात सर्वांत पातळ वाटीपासून करावी आणि मध्ये एक-दोन वाट्या नुसत्या तेलाच्या ठेवाव्यात. सर्वांत पातळ वाटीही कोणाला तिखट लागली तर आणखी पातळ करावे. दहा हजारांच्या वाटीतही ज्वाला जाणवली नाही, तर तिच्या मूळ तेलापासून कमी पटींच्या वाट्या कराव्यात. पाचपैकी तिघांना तिखट पहिल्यांदा जिथे जाणवेल तो आकडा लिहून घ्यावा. दोन चाखण्यांत दहा मिनिटांचे अंतर हवे, कारण एकदा भाजलेली जीभ काही काळ बधिर राहते आणि पुढची मिरची उगाच सौम्य भासते.

तेलात तिखट दबून लागते, त्यामुळे हा आकडा स्कोव्हिल आकडा नव्हे. दोन मिरच्यांमधले गुणोत्तर मात्र त्यातून मिळते. ज्वाला दहा हजारांच्या वाटीत आणि जोलोकिया एक लाख साठ हजारांच्या वाटीत जाणवली, तर या अंगणात जोलोकिया ज्वालाच्या साधारण सोळा पट आहे, एवढे म्हणता येते. याखेरीज आणखी तीन गोष्टी नोंदवाव्यात: तिखट किती सेकंदांनी चढते, जिभेच्या टोकाला लागते की घशात, आणि किती मिनिटे टिकते. ज्वाला चटकन लागते आणि लवकर उतरते. जोलोकिया दबा धरून येते, घशाकडे सरकते आणि बराच वेळ मुक्काम करते. उगवणीचे दिवस, पहिल्या फळाची तारीख, झाडामागे फळे आणि वास यांचा रकाना जोडला की वहीत दोन हंगामांत चांगला तक्ता तयार होतो.

हाताळणी

अतितिखट मिरची चिरताना रबरी हातमोजे हवेतच. हात लागलाच तर आधी गोडेतेल चोळून मग साबणाने धुवावेत, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. डोळ्याला, नाकाला हात लावू नये. वाळलेली मिरची बंद स्वयंपाकघरात मिक्सरमध्ये फिरवली तर ठसक्याने घरदार बाहेर पडते. पूड अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा लावून करावी आणि भांड्याचे झाकण पाच मिनिटांनी उघडावे. भुरका करताना कडकडीत तेल या तिखटावर ओतू नये. तेल कोमट झाल्यावर घालावे.

तोंड पेटले तर पाणी पिऊन आग पसरते. दूध, दही किंवा ताक घ्यावे. दुधातले केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून वाहून नेते. सोबत भात किंवा भाकरी चावून खावी.

पैजेवर अख्खी मिरची खाणे धोक्याचे आहे. कॅरोलिना रीपर खाल्ल्यानंतर मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसून एका तरुणाला असह्य डोकेदुखी झाल्याची नोंद २०१८ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने छापली. अमेरिकेत २०२३ मध्ये अतितिखट चिप खाण्याच्या आव्हानानंतर एका १४ वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला आणि तो पदार्थ बाजारातून काढून घेण्यात आला. मुले, गरोदर स्त्रिया, दमा, हृदयविकार किंवा पोटाच्या अल्सरचे रुग्ण यांनी चाखण्याच्या प्रयोगापासून दूर राहावे.

वापर आणि साठवण

अतितिखट मिरची मसाल्यासारखी वापरायची असते, भाजीसारखी नव्हे. पाव किलो ज्वालाच्या ठेच्यात एक जोलोकिया पुरे होते. चार-पाच माणसांच्या रश्शाला पाव फळ, तेही उकळी आल्यावर सोडून शेवटी काढून घ्यायचे, म्हणजे वास उतरतो आणि तिखट आवाक्यात राहते. ईशान्येत ती बांबूच्या कोंबांबरोबर लोणच्यात घालतात. वऱ्हाडात लिंबाच्या लोणच्यात तिचा फळासारखा वास चांगला मिसळतो.

ताजी फळे फ्रीझरमध्ये अखंड ठेवता येतात. वाळलेली मिरची हवाबंद काचेच्या बरणीत, अंधारात ठेवावी. उन्हाने आधी रंग उडतो आणि मग वास. अवकाळी पावसात अर्धवट वाळलेल्या फळांवर आत बुरशी धरते. चिरल्यावर आत काळसर दिसले तर ते फळ टाकून द्यावे. बरणीवर जातीच्या नावाबरोबर बी कुठून आणले, ती कुठे आणि कोणत्या वर्षी पिकली, हेही लिहावे, आणि ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवावी. त्याच जातीची तेजपूरहून आलेली मिरची आणि तिवस्याची मिरची ओळखायला ही चिठ्ठीच उपयोगी पडते.